म्हातारपणी राहायचं कुठे: वाकड, काटोल, बेसा की मानेवाडा?

प्रश्न : सादर नमस्कार. मी ६० वर्षांची, हे ६५ वर्षांचे. मी अनुदानित शाळेत शिक्षिका होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. हे महावितरणमधून निवृत्त. मानेवाडा रिंग रोडच्या आतल्या बाजूला १५०० फुटांच्या प्लॉटवर आमचं दुमजली घर आहे, १९९८ साली बांधलेलं, यांच्या नावावर. खाली भाडेकरू आहेत, वर आम्ही राहतो. माझे गुडघे दुखतात. मुलगा पुण्याला आयटीत आहे, सूनही नोकरी करते, नात चार वर्षांची. मुलगा म्हणतो, नागपूरचं घर विका, त्या पैशांत माझं कर्ज घालून वाकडला मोठा फ्लॅट घेऊ, सगळे सोबत राहू. यांना काटोलजवळच्या गावी जायचं आहे. तिथे यांच्या वाट्याची तीन एकर संत्र्याची बाग आणि जुनं घर आहे. ओळखीच्या एका एजंटनं बेसा भागातली फ्लॅट स्कीम दाखवली, तिथे लिफ्ट आहे, वॉचमन आहे. मला विचाराल तर मला कुठेच जायचं नाही, पण तसं म्हटलं की घरात वाद होतो, म्हणून गप्प बसते. मुलगी प्रतापनगरला असते, तिचं तिच्या संसारात बरं चाललं आहे. आम्ही काय करावं?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात चार जागा आहेत. त्यांतल्या तिघींची बाजू घेणारं कुणीतरी खमकं आहे. वाकडसाठी मुलगा, गावासाठी यजमान, बेसासाठी एजंट. मानेवाड्याच्या बाजूनं फक्त तुम्ही, आणि तेही वाद नको म्हणून गप्प बसलेल्या. त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकते. तुम्ही मानेवाड्यालाच राहा. फक्त वरच्या मजल्यावर नको, खाली या.

कारण सांगते. निवृत्तीनंतरचं घर ठरतं तेव्हा दोघंही धडधाकट असतात. स्कूटी चालवता येते, जिना चढता येतो, रात्री-बेरात्री एकाला काही झालं तर दुसरं धावपळ करू शकतं. घर मात्र त्यापुढच्या वीस-पंचवीस वर्षांसाठी लागतं. तुमच्या दोघांत पाच वर्षांचं अंतर आहे, आणि बायका सरासरीनं पुरुषांपेक्षा जास्त जगतात. शेवटची काही वर्षं तुम्हाला एकटीनं काढावी लागतील, ही शक्यता मोठी आहे. आपल्या घरांत हा विषय निघाला की ‘असं अभद्र बोलू नये’ म्हणून तिथेच थांबवला जातो. मग घर निवडलं जातं ते पासष्टीच्या नवऱ्याच्या हौसेनं, नाहीतर पस्तिशीच्या मुलाच्या सोयीनं. मला हे पटत नाही. मागे राहण्याची शक्यता जिची जास्त, तिच्या पंचाहत्तरीचा विचार करून घर ठरवावं. यजमान नाहीत, स्कूटी सुटली आहे, अशा दिवसांत दूध, भाजी, औषधं, बँक आणि डॉक्टर यांतलं काय काय तुम्हाला कुणाची मनधरणी न करता मिळेल, हे विचारून चारही जागा पुन्हा बघा.

आधी गावाचं बघू, कारण तुमच्या यजमानांची ओढ मला खोटी वाटत नाही. नोकरीच्या निमित्तानं माणूस तीस-पस्तीस वर्षं शहरात राहतो आणि मन वावरातच असतं, असे कितीतरी लोक विदर्भात घरोघरी आहेत. पण संत्र्याची बाग म्हणजे अंगणातली फुलझाडं नव्हेत. अंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणारा फुलोरा, धरायचा तर डिसेंबरपासून पाणी तोडून झाडांना ताण द्यायचा, जानेवारीत पाणी देऊन तो तोडायचा, मग फुटवा, मग उन्हाळाभर पाण्याची चिंता, ऑगस्ट-सप्टेंबरात फळगळ आणि दिवाळीच्या मागेपुढे तोडणी. मृग बहार, म्हणजे पावसाळ्यातला फुलोरा, धरला तर हेच चक्र पावसापासून सुरू होतं. त्यात फवारणीचे मजूर, माकडं, रानडुकरं आणि झाडावरच बाग मागायला आलेला व्यापारी. महावितरणमध्ये काम केलेल्या माणसाला हेही वेगळं सांगायला नको की शेतीच्या लाइनला वीज ठरलेल्या तासांतच मिळते, आणि ते तास बरेचदा रात्रीचे असतात. पासष्टीत हे उत्साहानं होईल. बहात्तरीत बाग ठेक्यानं द्यावी लागेल, आणि मग गावात राहण्याचं निम्मं कारण तिथेच संपतं.

दुसरं दवाखान्याचं. काटोलला सरकारी रुग्णालय आहे, साध्या दुखण्याला ते पुरतं. पण पक्षाघाताचा झटका आला, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हायला हवं. काटोल ते नागपूर साठेक किलोमीटर आहे, गावापासून काटोल ते वेगळंच. एक जण पडलाय आणि दुसऱ्याला चारचाकी चालवता येत नाही, अशा रात्री हे अंतर फार होतं. मानेवाड्याहून मेडिकल, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, जवळ आहे आणि खाजगी दवाखानेही रिक्षाच्या अंतरावर आहेत. वयाची सत्तरी पुढ्यात असताना ही गोष्ट मी बागेच्या वर ठेवीन.

आता पुणे. मुलगा प्रेमानंच म्हणतोय, असं धरून चालते. पण त्याच्या प्रस्तावात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. एक म्हणजे सोबत राहणं आणि दुसरी म्हणजे तुमचं घर विकून त्याचा फ्लॅट मोठा होणं. त्या सोडवून बघा. सोबत राहायचं असेल तर नागपूरचं घर न विकताही राहता येतं. सहा महिने राहा, भाड्याचं उत्पन्न इकडे चालू ठेवा. वाकडला सकाळी नऊला दोघं बाहेर पडल्यावर दिवस कसा जातो, नातीला पाळणाघरातून कोण आणतं, स्वयंपाक कुणाच्या पद्धतीनं होतो, खाली उतरल्यावर बोलायला कुणी भेटतं का, हे त्या मुदतीत आपोआप कळेल. तुमच्यावर नातीची पूर्ण जबाबदारी येणार असेल तर ती आनंदानं घ्या, पण ‘सोबत राहू’ या शब्दांच्या आत ती न बोलता येऊ देऊ नका. तीही काही वर्षांत शाळेची, क्लासची होईल. आणि मुलाची नोकरी आयटीतली आहे. उद्या तो बंगळुरूला किंवा परदेशी गेला तर वाकडच्या फ्लॅटमध्ये तुम्ही दोघं, आणि पुढे तुम्ही एकट्या, कुणाच्या भरवशावर?

पैशांच्या बाबतीत मी जास्त कडक बोलणार आहे. मानेवाड्याचा प्लॉट एकदा विकला की त्या भावात पुन्हा मिळणार नाही. विकून आलेली रक्कम मुलाच्या कर्जासोबत एका फ्लॅटमध्ये गेली की ती बाहेर काढता येत नाही. फ्लॅट विकल्याशिवाय पैसे नाहीत, आणि ज्यात मुलगा-सून राहतात तो फ्लॅट विका असं तुमच्यानं म्हणवणार नाही. तरीही कधी तो निर्णय झालाच, तर करारनाम्यात तुम्हा दोघांची नावं आणि तुमचा हिस्सा लिहिलेला असू द्या. भांडवली नफ्यावरच्या करातून सूट हवी असेल तर विक्रीपासून दोन वर्षांत दुसरं घर घ्यावं लागतं, आणि ते विकणाऱ्याच्याच नावावर असणं सुरक्षित. म्हणजे कराच्या दृष्टीनंही यजमानांचं नाव त्यात हवंच.

कुणी सुचवलं की ‘आता मुलाच्या नावानं बक्षीसपत्र करून टाका, मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे’, तर थांबा. राहतं घर मुलाला किंवा मुलीला देताना महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क तेवढंच आहे हे खरं, वर स्थानिक अधिभार लागतो. पण प्रश्न शुल्काचा नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मागता येते. मात्र ती अट दस्तात लिहिलेली नसेल तर काम अवघड होतं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये अट असल्याचं सिद्ध व्हायला हवं असं म्हटलं, जानेवारी २०२५ च्या निकालात कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूनं उदारपणे लावला. तुमच्या घरावर असा वाद यावा असं मला मुळीच वाटत नाही, म्हणूनच बक्षीसपत्राच्या वाटेला जाऊ नका.

बेसाबद्दल फार लिहीत नाही. लिफ्ट आणि वॉचमन चांगलेच, पण तिथून भाजीपर्यंत, औषधाच्या दुकानापर्यंत पायी किती, उन्हाळ्यात टँकर येतो का, वीज गेली की लिफ्ट जनरेटरवर चालते का, हे एजंटला नाही, तिथे राहणाऱ्या एखाद्या बाईला विचारा. ‘पुढे रस्ता होणार, बाजार होणार’ हे तरुण जोडप्याला चालतं, त्यांच्याकडे वाट बघायला वर्षं असतात. टोकन दिलं असेल तर लक्षात ठेवा, नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

आता मानेवाडा. नागपुरात घरमालक वर आणि भाडेकरू खाली ही रीत जुनी आहे. वारा येतो, गच्ची मिळते, खालच्याचं भाडंही जरा जास्त येतं. चाळिशीत ते ठीक होतं. पण तुमच्या वरच्या मजल्यावर थेट स्लॅब आहे. या शहरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं, आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, दरवर्षी येतोच. दिवसभर तापलेली स्लॅब रात्री दोनपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहते. वय झाल्यावर घाम कमी येतो आणि तहानही नीट कळत नाही, त्यामुळे उन्हाळ्याचा फटका म्हाताऱ्या माणसांनाच आधी बसतो.

त्यात कुलरचं काम. मार्चमध्ये कुलर खाली काढायचा, टाकी घासायची, जुन्या जाळ्यांतून क्षार लागून कडक झालेलं वुडवूल काढून नवं भरायचं, पंप चालतो का बघायचं. पुढे तीन महिने सकाळ-संध्याकाळ पाणी. पाइप पोचत नसेल तर बादलीनं. हे आज यजमान करत असतील. तुम्ही एकट्या असाल तेव्हा गुडघे धरून, ओल्या फरशीवरून, भरलेली बादली खिडकीपर्यंत न्यायची आहे. घरात माणसं बरेचदा पडतात ती अशा साध्या कामांतच. खालच्या मजल्यावर वर एक अख्खा मजला सावलीला असतो, खोल्या चार-पाच अंशांनी नाही तरी अंगाला जाणवतील इतक्या गार असतात, आणि कुलरपर्यंत अंगणातला नळ पाइपानं येतो.

म्हणून भाडेकरूंना आत्ताच सांगा. ११ महिन्यांचा करार असेल तर तो संपताना त्यांना वर जायला विचारा किंवा नवे भाडेकरू वर ठेवा. भाडं थोडं कमी मिळेल, ते सोडा. नवा करार मात्र नोंदवून घ्या, ओळखीचे आहेत म्हणून कागदाशिवाय देऊ नका. एखादं कुटुंब वर असणं ही तुमच्यासाठी पैशांपेक्षाही मोठी गोष्ट आहे. रात्री घंटा दाबली तर खाली येणारं कुणीतरी हवं.

खाली जाण्याआधी दोन-अडीच महिने घर रिकामं ठेवून काम करून घ्या. १९९८ च्या बांधकामात संडास-बाथरूमचं दार बहुतेक अडीच फुटांचं किंवा त्याहूनही अरुंद असेल. वॉकर घेऊन आत जाता येत नाही, आणि बाई आत पडली तर आत उघडणारं दार तिच्याच अंगानं अडतं. महारेरानं (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणानं) २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम ठरवले, त्यांत दारं किमान ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळपास तीन फूट रुंद हवीत असं म्हटलं आहे. तुमच्यावर तो नियम लागू नाही, पण माप म्हणून तेच धरा. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं करा. कमोड, त्याच्या बाजूला भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडा, न घसरणाऱ्या फरश्या, खोली आणि बाथरूममधला उंबरठा काढून टाकणं, आणि पलंगावरून हात पोचेल असं दिव्याचं बटन. मोठ्या खर्चाची कामं नाहीत ही. वाकडचा फ्लॅट घ्यायला निघालेल्या घराला ती सहज परवडतील.

सखल भागात मात्र तळमजला घेताना सावध राहावं लागतं. सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्रीच्या पावसानं अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत झोपेतच तळमजल्यांत पाणी शिरलं, हे नागपूरकर विसरलेले नाहीत. तुमच्या गल्लीत पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं, हे तुमच्या भाडेकरूंना तुमच्याहून चांगलं ठाऊक असेल. त्यांना विचारा, आणि लागेल तसा ओटा उंच करून घ्या, पायऱ्यांच्या शेजारी उतार ठेवून.

आता ज्या ओळीवर मी थांबले होते ती. तुमच्या पत्रात मुलाबद्दल सविस्तर लिहिलं आहे आणि मुलीबद्दल शेवटी एका वाक्यात. ती प्रतापनगरला आहे, म्हणजे तुमच्या शहरात, रिंग रोडनं अर्ध्या तासात येईल इतक्या जवळ. कुठे राहायचं याचा विचार करताना चार जागा मोजल्या गेल्या, पण मुलगी जवळ आहे ही नागपूरची सगळ्यात मोठी जमेची बाजू कुणीच मोजली नाही. ‘लेकीच्या दारात कसं राहायचं’ असं मनात असेल तर तिच्या घरी राहायला कुणी सांगत नाही. तुम्ही तुमच्या घरात राहा, आणि तिला या निर्णयात बसवा. कायद्यानं तिचा हक्क मुलाइतकाच आहे आणि आई-वडिलांना सांभाळायची जबाबदारीही तितकीच. २००७ च्या कायद्यात अपत्य म्हणजे मुलगा आणि मुलगी दोन्ही. आजवर तिला विचारलं गेलं नाही, म्हणून ती बोलली नसेल.

हक्काचं निघालंच आहे तर आणखी एक. घर यजमानांच्या नावावर आहे. त्यांनी मृत्युपत्र केलं नाही, तर हिंदू वारसा कायद्यानुसार ते घर तुम्ही, मुलगा आणि मुलगी यांच्यात सारखं वाटलं जाईल, सासूबाई हयात असतील तर त्याही वाटेकरी. म्हणजे ज्या घरात तुम्ही आयुष्य काढलं त्यातला तिसरा हिस्सा तुमचा, आणि बाकीच्यांनी विकायचं म्हटलं तर तुम्हाला कोर्टात जावं लागेल. नॉमिनी लावला आहे म्हणून निश्चिंत राहू नका, नॉमिनी हा मालक नसतो. यजमानांनी मृत्युपत्र करावं. तुमच्या हयातीत घर तुमचं, भाडं तुमचं, त्यानंतर दोन्ही मुलांना समान, असं स्वच्छ लिहावं. दोन साक्षीदार लागतात, मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही पण दुय्यम निबंधकाकडे करून टाकलेली बरी. तुमचंही मृत्युपत्र करा. बागेचा वाटा वडिलोपार्जित असेल तर तो वेगळा मामला आहे, सातबारा घेऊन वकिलाला दाखवा.

यजमानांचं मन मोडून हे करावं असं मी म्हणत नाही. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत गावी राहा. तोडणीचे दिवस, थंडी, हुरडा, सगळं त्यातच येतं, आणि तेव्हा गावातलं घर सुखाचं असतं. एसटीत तुम्हाला महिला म्हणून आणि त्यांना ६५ पूर्ण झाल्यामुळे अर्धं तिकीट आहे, काटोल काही परदेश नाही. बाकी वर्षभर बाग विश्वासाच्या माणसाकडे द्यावी आणि यांनी महिन्यातून दोनदा जाऊन यावं. नातीला सुट्टी लागली की एप्रिल-मेमध्ये पुण्याला जा. नागपूरच्या उन्हातून सुटका होईल आणि मुलाला आई-वडील दोन महिने सलग मिळतील. अजनीहून पुण्याची वंदे भारत ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाली आहे, पण ती बसून जायची गाडी आणि प्रवास बारा तासांच्या घरातला. तुमच्या गुडघ्यांना रात्रीची, झोपून जायची गाडी बरी.

मुलाला सांगताना ‘आम्हाला यायचं नाही’ असं सांगू नका. दरवर्षी येऊ, दोन महिने राहू, घर विकणार नाही, एवढं यजमानांनी सांगावं. त्याच्या कर्जाला मदत करायची इच्छा असेल तर ठेवीतून जमेल तेवढी रक्कम द्या, जी परत आली नाही तरी तुमचं अडणार नाही. ताई, तुमची नोकरी नोव्हेंबर २००५ च्या आधीची दिसते, म्हणजे जुनी पेन्शन तुम्हाला मिळत असणार. महावितरणमधून यजमानांना मिळणारी ईपीएसची (कर्मचारी पेन्शन योजनेची) पेन्शन त्यापुढे फार थोडी असेल. महिन्याचं घर ज्या पैशांवर चालतं त्यातला मोठा भाग तुमचा आहे. मग राहायचं कुठे या प्रश्नावर तुम्हीच का गप्प बसायचं? वाद होईल तर होऊ द्या, एक-दोन दिवस अबोला राहील.

हे उत्तर यजमानांनाही वाचायला द्या. मी फक्त तुमची बाजू ऐकली आहे. गावाबद्दल त्यांच्या मनात बागेपलीकडचं काही असेल, भावाशी वाटणीचं असेल, आई-वडिलांच्या घराचं असेल, तर त्यांनी स्वतः लिहावं. त्यांच्या पत्रालाही मी इतक्याच सविस्तरपणे उत्तर देईन.